बाईंचं बोलून झालंय

९ फेब्रुवारी

चिंगे,

हे पत्र फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण वाचून फाड. पाकिटावरचं अक्षर बघूनच तू तोंड वाकडं केलं असशील, मला इथे बसून दिसतंय. फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतेस आणि गप्प बसतेस. म्हटलं, कागद तरी हातात घेशील.

बाबांच्या खोलीबद्दल लिहीत नाहीये. ते गेल्यावर तुला न विचारता मी ती रिकामी केली, सामान वाटून टाकलं, आणि तू आलीस तेव्हा भिंतींना नवा रंगसुद्धा लागला होता. त्यावर तू जे बोललीस ते तीन वर्षं माझ्या कानात बसलंय. "ताई, तू बोलायला लागलीस की खोलीत दुसऱ्या कोणाला जागाच उरत नाही." तेव्हा मी तुला नाटकी म्हटलं होतं. असो. शाळेत एक घोळ झालाय आणि तो सांगावा असं मला दुसरं कोणी नाही. स्टाफरूममध्ये सांगितलं तर संध्याकाळपर्यंत शिपायालाही पाठ होईल.

यंदा शेवटच्या वर्षाच्या वर्गाला इंग्रजीत एकच विषय धरून धडे लावलेत: सत्ता. ती कोणाच्या हातात असते, कशी येते, आणि हातात आली की माणसाचं काय होतं. एका राजाची नाटिका, कारखान्यातल्या मुकादमाची गोष्ट, दोन भाषणं वगैरे. तुला माहीतच आहे, नुसतं वाचून दाखवणं मला जमत नाही. म्हणून मी एक प्रयोग काढला, 'सत्तेचा आठवडा'. चिठ्ठी टाकून एक मूल निवडायचं. त्याने आठवडाभर इंग्रजीच्या तासाला माझ्या खुर्चीत बसायचं. नियम त्याचे. चर्चा कशावर, कोण बोलणार, कोण कुठे बसणार, सगळं तेच ठरवणार. आणि मी बाकावर. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं मी, 'या आठवड्यात बाईसुद्धा तुमच्यातल्याच एक.' पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला फार बरं वाटलं.

चिठ्ठी निघाली नेमकी कुजबुजीची. हे नाव पोरांनीच ठेवलंय तिला. मुलगी इतकी हळू बोलते की हजेरीला तिचा 'हजर' ओठांवरून वाचावा लागतो. आई बस आगारात तिकीट खिडकीवर बसते, वडील नाहीत. अभ्यासात मात्र एक नंबर. तिला वकील व्हायचंय. त्यावर आम्ही स्टाफरूममध्ये हसलो होतो, की ही कोर्टात बोलली तर न्यायाधीशाला खुर्ची सोडून खाली यावं लागेल. विनोद माझाच होता.

पहिले दिवस बरे गेले. शुक्रवारी मात्र वर्ग हाताबाहेर गेला. मुलगी मला बोलू देईना, पोरं हसायला लागली, आणि तेवढ्यात मोठे सर, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, दारात हजर. प्रकरण आता शिस्त समितीपुढे गेलंय. कायद्याच्या त्या मोठ्या निवासी कॉलेजला आमच्या शाळेतून दरवर्षी एकाच मुलाची शिफारस जाते, आणि यंदा ती कुजबुजीची जायची होती. शिस्तभंगाची नोंद झाली तर जाणार नाही. मला वाईट वाटतंय गं. पण यात माझा काय दोष? वर्गाला शिस्त नको का?

हे सगळं लिहिलं आणि परत वाचलं. वाचून उठले आणि तोंड धुऊन आले. आज एवढंच.

ताई

१२ फेब्रुवारी

चिंगे,

परवाच्या पत्रात मी तुला थापा मारल्या. सगळीकडे नाही, पण मुद्द्याच्या जागी मारल्या. पत्र पेटीत टाकलं तेव्हाच माहीत होतं मला. आता नीट सांगते.

सोमवारी ती माझ्या खुर्चीत बसली. बसली म्हणजे काठावर टेकली. म्हणाली, "नियम एकच. सगळ्यांचं एकेकदा बोलून झाल्याशिवाय कोणी दुसऱ्यांदा बोलायचं नाही." एवढं बोलायला तिला किती वेळ लागला म्हणतेस! पण वर्ग चिडीचूप. तिचं ऐकायचं तर सगळ्यांना गप्पच बसावं लागतं ना. पंखा घरघरत होता, तर एकाने उठून तो बंद केला. माझ्या तासाला पंखा बंद करायची वेळ कधी आली नाही. माझा आवाज तू जाणतेस, खालच्या मजल्यावरच्या वर्गांनाही इंग्रजी येतं.

मी पहिल्याच मिनिटाला हात वर केला आणि राजाच्या नाटिकेबद्दल बोलले. छान बोलले. खाली बसले आणि लक्षात आलं की संपलं. आता सगळा वर्ग बोलून होईपर्यंत मला काही काम नाही. बाकाला गुडघे घासत नुसतं ऐकायचं. तास संपला तरी मुलांचं बोलणं संपेना. दुसऱ्या दिवशी उरलेले बोलले. अगं, जी पोरं दोन वर्षांत माझ्या तासाला एक वाक्य बोलली नाहीत ती बोलली. इंग्रजी मोडकंतोडकं होतं, पण डोकं शाबूत होतं. मागच्या बाकावरचा उंट, म्हणजे ताडमाड वाढलेला एक मुलगा, तो म्हणाला की मुकादमाला मजुरांची भीती वाटते म्हणून तो ओरडतो. हे माझ्या टिपणांत नव्हतं. मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. मला झाला राग. का, ते तेव्हा कळलं नाही. आता कळतं, पण लिहायला लाज वाटते.

शुक्रवारी ती म्हणाली, "आज धडा नको. आपल्या वर्गात सत्ता कोणाकडे आहे आणि ते तिचं काय करतात, यावर बोलू." मी हसले. मला वाटलं मॉनिटरबद्दल बोलतील. आणि सवयीने पहिला हात माझाच. मी म्हटलं, सत्ता ही जबाबदारी असते, वगैरे वगैरे. बसले.

मग पोरं माझ्याबद्दल बोलायला लागली, चिंगे.

उद्धटपणे नाही हं. अगदी नीट, एकामागून एक. एक म्हणाली, बाई आमचे उच्चार आमच्यासारखे करून दाखवतात तेव्हा सगळे हसतात, आणि आपली पाळी आज नाही म्हणून हायसं वाटतं. एक म्हणाला, बाई पेपर परत देताना सगळ्यात वाईट उत्तर मोठ्याने वाचतात. नाव घेत नाहीत, पण बघतात त्याच्याकडेच. उंट म्हणाला, "माझं वाचलं होतं. तेव्हापासून मी बोललो नव्हतो. या सोमवारी बोललो."

माझे कान तापले. मी हात वर केला. मला सांगायचं होतं की ती गंमत असते, तुमच्या भल्यासाठी असते, आमच्या बाई तर आम्हाला छडीने मारायच्या. कुजबुजीने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बाई, तुमचं बोलून झालंय. बाकीचे राहिलेत."

मी हात खाली घेतला नाही. ताठ वर धरून बसले, आणि मला तशी बाकावर बसलेली बघून पोरं हसायला लागली. कुत्सित नव्हती हसत, मलाही हसायला आलं असतं एरवी. तेवढ्यात मोठे सर शाळा बघायला आलेल्या दोन पाहुण्यांना घेऊन दारात. खुर्चीत मुलगी, बाकात मी, हात वर, वर्ग खिदळतोय. सर म्हणाले, "बाई, हे काय चाललंय?"

आणि मी म्हटलं, "सर, ही मुलगी ऐकतच नाहीये. दोनदा सांगितलं मी हिला, थांबव म्हणून."

एकदाही सांगितलं नव्हतं मी. अख्ख्या वर्गाने माझं वाक्य ऐकलं आणि एकानेही तोंड उघडलं नाही. का उघडतील? दोन वर्षं मी त्यांना गप्प बसायलाच तर शिकवलं होतं.

ताई

१७ फेब्रुवारी

चिंगे,

तुझं कार्ड मिळालं. तीन वर्षांनी तुझं अक्षर बघितलं आणि जिन्यातच बसले. वर खुशाली नाही, खाली सही नाही. मध्ये एकच ओळ, 'मुलीचं काय झालं ते कळव, बाकी नंतर.' बरोबर आहे तुझं. मी दोन पत्रं लिहिली आणि दोन्हीत माझंच रडगाणं.

तर मुलीचं सांगते. समिती शुक्रवारी बसणार आहे. मोठे सर म्हणाले, वर्गातल्या मुलांना विचारायची गरज नाही, बाईंचा शब्द पुरे. मी मान डोलावली. मुलगी तेव्हापासून वर्गात पहिल्या बाकावर बसते, फळा उतरवून घेते, माझ्याकडे बघत नाही. तास पुन्हा माझा. पंखा फुल स्पीडवर.

काल ती मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या दारात आली. सोबत तिची आई, आगाराचा निळा गणवेश तसाच अंगावर, कामावरून मधूनच सुटून आलेली. आईच बोलली. "बाई, हिचं चुकलं असेल. लहान आहे. माफीपत्र दिलं तर समिती ऐकेल असं ऑफिसात म्हणाले. इंग्रजीत द्या म्हणाले. हिने लिहिलंय. तुम्ही इंग्रजीच्या, तेवढं तपासून द्याल का?"

तू विश्वास ठेवणार नाहीस, पण मी म्हटलं, "द्या ना, बसा." आणि लाल पेन घेतलं.

तिने लिहिलं होतं की माझ्या वागण्यामुळे बाईंना वाईट वाटलं असेल तर मला खेद आहे. सुरेख इंग्रजी. माझ्याच हाताखालचं. दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतंच. कागद तसाच परत द्यायचा आणि सांगायचं की पोरी, याची काही गरज नाही, मी बघते. एवढं सोपं होतं. बाजूला भूगोलाच्या बाई बसल्या होत्या, कान टवकारून. मी म्हटलं, "हे जरा मोघम वाटतं. 'असेल तर' नको. समितीला स्पष्ट कबुली लागते. असं लिही, की बाईंनी थांबायला सांगूनही मी थांबले नाही."

मुलीने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. मग आईकडे बघितलं. आई म्हणाली, "लिही गं, बाई सांगतायत ना." तिने लिहिलं. माझ्याच टेबलावर, माझ्याच पेनाने. मी मारलेली थाप तिच्या अक्षरात उतरताना मी बघत होते. आई निघताना माझे आभार मानून गेली.

आता एक गोष्ट तुझ्यापासून अजून लपवली होती तीही सांगून टाकते. चिठ्ठी नशिबाने निघाली नव्हती. डब्यातल्या सगळ्या चिठ्ठ्यांवर मी तिचंच नाव लिहिलं होतं. स्वतःला सांगितलं की बुजऱ्या मुलीला संधी मिळावी म्हणून. कसली संधी! दुसरं कोणी निघालं असतं, तो उंट किंवा एखादी धीट मुलगी, तर मला बाकावर बसवून खरंच राज्य केलं असतं. ही गप्प बसेल, दोन मिनिटांनी माझ्याकडे बघेल, मी बाकावरूनच तास घेईन आणि वर उदारही ठरेन, असा हिशेब होता माझा. तिला निवडलं ते ती काही करणार नाही म्हणून.

पुढच्या महिन्यात आमच्या उपमुख्याध्यापिका निवृत्त होतायत. जागा माझीच, असं मोठे सर दोनदा बोललेत. हे तुला आत्तापर्यंत लिहिलं नव्हतं ना? मुद्दामच नव्हतं लिहिलं. शुक्रवारी समितीत मी खरं सांगणार आहे. तुला लिहून ठेवते, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही.

ताई

२१ फेब्रुवारी

चिंगे,

मी मागे फिरले.

काय झालं ते सांगते आणि मग तुला हवं ते म्हण. मोठ्या सरांची खोली. लांब टेबल, काच ठेवलेलं, काचेखाली जुने फोटो. एका बाजूला सर, उपमुख्याध्यापिका आणि पालकांतर्फे एक दवाखानेवाले डॉक्टर. मला त्यांच्या रांगेत खुर्ची दिली होती. मुलगी समोर उभी. आई बाहेर.

मी तोंड उघडणार त्याआधीच सर म्हणाले, "मुलीचं माफीपत्र आलंय. स्पष्ट कबुली आहे, चांगलं लिहिलंय. आपण हे इथेच मिटवू. नोंद नको, शिफारस जाऊ दे." डॉक्टर घड्याळ बघत हो म्हणाले. उपमुख्याध्यापिका माझ्याकडे बघून हसल्या.

चिंगे, खरं सांगते, माझ्या अंगावरचा भार एकदम उतरला. पोरीला कॉलेज मिळतंय, माझी जागा मला मिळतेय, कोणाचं काही बिघडत नाही. आता खरं बोलून कोणाचं भलं होणार? मनातल्या मनात मी सगळं नीट लावूनसुद्धा टाकलं.

तेवढ्यात ती काहीतरी बोलली. कोणालाच ऐकू गेलं नाही. सर म्हणाले, "मोठ्याने बोल." ती तशाच आवाजात पुन्हा म्हणाली, आणि यावेळी सगळे पुढे वाकले. "मला ते पत्र परत हवंय. मला बाईंनी थांबायला सांगितलंच नव्हतं."

सरांचा चेहरा उतरला. "मग लिहिलंस कशाला?"

"लिहायला सांगितलं म्हणून."

"कोणी?"

माझं नाव घेतलं नाही तिने. नुसती म्हणाली, "बाईंना विचारा, त्यांनी मला थांबायला सांगितलं होतं का."

सगळे माझ्याकडे वळले. हो किंवा नाही, एका शब्दाचं काम. मी काय म्हणाले माहितीये? म्हणाले, "मला नक्की आठवत नाही."

'हो' म्हटलं असतं तर निदान धडधडीत खोटं झालं असतं. हे त्याहून वाईट. खोटं बोलायचीसुद्धा हिंमत नाही, आणि वर पोरीला एकटी टाकली. सर म्हणाले, बाई मनाने चांगल्या आहेत, तुला वाचवायला बघतायत, आणि तू समितीसमोर शब्द फिरवतेस. नोंद झाली. दुपारीच शिफारस दुसऱ्या एका मुलाच्या नावाने गेली. जाताना मुलीने टेबलावरून माफीपत्र उचललं, घडी घातली आणि दप्तरात ठेवलं. कोणी अडवलं नाही.

बाहेर तिच्या आईने मला विचारलं, "झालं ना बाई सगळं नीट?" मी म्हटलं, "आत जा, सर सांगतील." आणि जिन्याने खाली पळाले. चोपन्न वर्षांची बाई, पर्स छातीशी धरून जिन्याने पळाली.

यावर तू लिहिलं नाहीस तरी चालेल. लिहिशील ते मला माहीत आहे.

ताई

२७ फेब्रुवारी

चिंगे,

तुझं दुसरं कार्ड. 'मग अजून बसलीस काय?' एवढंच. लहानपणी मी तुला अभ्यासाला याच शब्दांत उठवायचे, आठवतंय? पत्ता तर तिरका लिहिलायस, रागात लिहिलंयस हे दिसतंय.

उठले. सोमवारी मोठ्या सरांकडे जाऊन सगळं सांगितलं. चिठ्ठ्यांपासून माफीपत्रापर्यंत. उभ्यानेच, बसले नाही, बसले असते तर मध्येच थांबले असते. सरांनी पेपरवेट फिरवला. मग म्हणाले, "बाई, झालं ते झालं. आता कशाला उकरताय? यादी गेली. तुमच्याही पुढच्या महिन्याचा विचार करा." किती आपुलकीने म्हणाले म्हणून सांगू. मलाच पटायला लागलं पुन्हा. म्हणून तिथेच कागद मागितला, लिहून सही केली. आता नोंद रद्द झालीये. उपमुख्याध्यापिका भूगोलाच्या बाई होतील. काल त्यांनी माझ्यासाठी कपाटातला चांगला कप काढून चहा दिला, आजाऱ्याला देतात तसा.

पण शिफारस परत घेता येत नाही. दुसऱ्या मुलाचं नाव गेलंय, त्याचा काय गुन्हा? मुलगी स्वतंत्र अर्ज करू शकते. एका शिक्षकाचं पत्र सोबत लागतं, मुलाखतीला बोलवायचं की नाही ते कॉलेज ठरवतं. पण नोंदीचं कळवणं तिकडे गेलेलं आहे. ते खोटं होतं हे कोणीतरी समक्ष जाऊन सांगायला हवं.

बुधवारी मी वर्गालाही सांगितलं. टेबलाला टेकून नाही, खुर्चीत बसून नाही, दाराजवळ उभी राहून. मी खोटं बोलले, हिने काहीच केलं नव्हतं, तुम्ही माझ्याबद्दल जे बोललात ते खरं होतं. मला वाटत होतं, काय वाटत होतं कोण जाणे. कोणीतरी रडेल. उंट उठून काहीतरी चांगलं बोलेल. एकाने पेन खाली पाडलं आणि उचललं.

मग कुजबुजीने विचारलं, "बाई, आता शिफारस मिळेल का?"

मी म्हटलं, "नाही. ती गेली."

"मग तुम्ही हे आम्हाला का सांगितलंत?"

उर्मटपणाने नाही विचारलं, चिंगे. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मला बरं वाटावं म्हणून, हे उत्तर माझ्या तोंडाशी आलं आणि मी ते गिळलं. मग तेही गिळणं बरं नाही असं वाटून बोलून टाकलं. ती "बरं" म्हणाली आणि पुस्तक उघडलं.

तास संपल्यावर तिला म्हटलं, कॉलेजला मी येते, समक्ष सांगते. ती म्हणाली, आईला विचारते. मी तिच्या जागी असते तर नको म्हटलं असतं. आज निरोप आला, पुढच्या शुक्रवारी आईची सुट्टी आहे, चालेल.

ताई

६ मार्च

चिंगे,

आत्ताच कॉलेजहून आले. चप्पल काढली आणि लिहायला बसले.

सकाळी आगारात भेटलो. आईने तिकिटं काढली, मला काढू दिलं नाही. तिघींची सीट होती, पण मुलगी मागे जाऊन बसली. आई माझ्याशी रस्त्याबद्दल बोलली, उन्हाबद्दल बोलली. त्या प्रकरणाबद्दल एक शब्द नाही. मीच म्हटलं, "मी त्या दिवशी तुमच्यासमोर..." तर खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मीच तिला म्हटलं होतं, बाई सांगतायत ना, लिही. ते माझ्याही डोक्यातून जात नाही." म्हणजे माझी लाज त्या बिचारीलाही वाटून घ्यावी लागली.

प्रवेश विभागात एक मॅडम होत्या, केस पांढरे, चष्मा डोक्यावर. मी आणलेला कागद दिला आणि तोंडानेही सांगितलं. अडखळले, पण सगळं सांगितलं. प्रयोग, थाप, माफीपत्र, 'आठवत नाही'. मुलगी आणि तिची आई शेजारीच बसल्या होत्या. त्यांच्यासमोर ते सगळं ओळीने बोलताना मला स्वतःचा आवाज नकोसा झाला. आयुष्यात पहिल्यांदा, हो, हस तू.

मॅडमनी मध्ये काही विचारलं नाही. शेवटी म्हणाल्या, "ठीक आहे. नोंद आम्ही धरणार नाही. अर्ज चांगला आहे." मग मुलीला दोन प्रश्न विचारले. ती बोलायला लागली तशा मॅडम उठल्या, खिडकी लावली, खुर्ची पुढे ओढली आणि कान देऊन ऐकलं. कायद्याची एक बाई खुर्ची सोडून पुढे आली, बघ. माझा विनोद. मला हसू आलं नाही.

मुलाखतीची तारीख दिली त्यांनी! तिच्या आईने माझा हात धरला, तिच्या लक्षातही आलं नसेल. मॅडम म्हणाल्या, "आता फक्त शिक्षकाचं पत्र राहिलं. बाई, तुम्ही इथेच आहात, आत्ताच लिहून द्या ना. तिच्या भाषेबद्दल, समजेबद्दल. तुमच्याइतकं कोण ओळखतं तिला?"

अगं, मला किती आनंद झाला म्हणून सांगू. काहीतरी देता येत होतं मला. काय काय लिहायचं ते झरझर डोक्यात आलं. तो एकच नियम, तो बंद पंखा, वर्गाला बोलतं करणारी मुलगी. पर्समधून पेन काढलं, कागद पुढे ओढला.

"यांचं नको," ती म्हणाली.

मॅडमनी ऐकलं. आईने ऐकलं नाही किंवा ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मॅडम म्हणाल्या, "का गं? बाई स्वतःहून आल्यात इतक्या लांब."

"हो. त्यांनी यायला नको होतं असं नाही," ती म्हणाली. "पण त्यांनी माझ्याबद्दल चांगलं लिहिलं तरी ते खरं आहे का, असं मलाच वाटत राहील."

रागाने नाही म्हणाली. माझ्याकडे बघून, मला समजावं म्हणून म्हणाली. आई कासावीस होऊन म्हणाली, "अगं, काय बोलतेस, बाई आहेत तुझ्या." मुलीने आईच्या हातावर हात ठेवला, पण शब्द मागे घेतला नाही.

मॅडमनी विचारलं, मग कोणाचं? ती म्हणाली, गणिताच्या सरांचं. त्यांनी लगेच शाळेत फोन लावला. सर संध्याकाळपर्यंत पाठवतो म्हणाले. दोन मिनिटांत काम झालं.

मी पेनाला टोपण लावलं. कागद कोराच होता, तो मॅडमच्या बाजूला परत सरकवला. माझ्या मनात आलं ते तुला सांगते, लपवून काय करू. पहिल्यांदा आला तो राग, की इतकं केलं मी, आणि ही पोर... एक क्षणभर. मग तो गेला आणि राहिलं ते असं की तिचं बरोबर होतं. शाळेत बाईंचा शब्द पुरे म्हणतात. आता तो कोणालाच पुरणार नाही, ज्या एका मुलीला द्यावासा वाटला तिलाही नाही.

परतीच्या बसमध्ये मी मागे बसले, त्या दोघी पुढे. त्या बोलत होत्या, मुलगी खूप बोलत होती. मला एक शब्द ऐकू आला नाही आणि मी पुढे वाकलेही नाही.

तुला उत्तर लिहायची जबरदस्ती नाही, असं शेवटी लिहिणार होते. पण ते खोटं होईल, आणि तुला तरी आता खोटं लिहायचं नाही. मी वाट बघतेय, चिंगे. मी दाराशी पोस्टमनची वाट बघत बसते आणि शेजारच्यांना सांगते की हवा खातेय.

तुझी
ताई